रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर देणारा

माझा धाकटा भाऊ लोकांना गाडी शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी त्याच्याहून चांगली मोठी असूनही मास्तरच म्हणते, कारण एकदा का गल्लीनं नाव पाडलं की आईबापांनी ठेवलेल्या नावाला कोण विचारतो.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे कोपऱ्यावरची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, टेबलावर शिकाऊंना दाखवायला एक जुनी क्लचप्लेट, आणि टेबलामागे मी. फोन घेते, वेळा लावून देते, उशिरा येणाऱ्यांना झापते. मला स्वतःला गाडी येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. घरात एकानं गाडीत बसावं आणि एकानं पायी चालावं, म्हणजे दोन्हीकडची अक्कल घरात राहते.

मास्तरच्या गाडीत त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. तो वापरावा लागला तर त्याला स्वतःचा अपमान वाटतो. "ब्रेक मारावा लागला म्हणजे समोरचा काय करणार ते मला आधी कळलं नाही," असं त्याचं म्हणणं. त्याला गर्व कशाचा विचाराल, तर माणसं ओळखण्याचा. माणूस बोलताना खोटं बोलेल, हसताना खोटं हसेल, पण स्टिअरिंग हातात आलं की पहिल्या वळणावर उघडा पडतो. मागच्यानं भोंगा वाजवला की कोण चिडतो, म्हातारा माणूस रस्ता ओलांडत असला की कोण बोटं आपटतो, सगळं हा बाबा खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत टिपत असतो.

शेजारच्या मावशींच्या मुलीनं एक मुलगा पसंत केला, तेव्हा मावशी आधी मास्तरकडे आल्या. मास्तरनं त्या मुलाला गाडी चालवायला देऊन बाजारातून एक फेरी मारली आणि उतरल्यावर सांगितलं, "मुलगा भला आहे, पण घरात ब्रेक आईच्या पायाखाली आहे." प्रत्येक सिग्नलला मुलगा फोन बघत होता म्हणे, आणि फोन दर वेळी आईचाच होता. पुढे निघालंही तसंच. तेव्हापासून मास्तर आमच्या भागाचा ज्योतिषी झाला. लोक कौतुक करायचे आणि तो फुगायचा.

त्याच्या हिशेबी सगळ्यात वरचा माणूस म्हणजे रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर देणारा. मागेपुढे चिटपाखरू नाही, तरी वळताना जो दिवा लावतो, तो कुणी बघत नसतानाही नीटच वागणार. "ताई, अशा माणसाशी डोळे झाकून संसार करावा," तो मला सांगायचा.

आता संसाराचं तो मला का सांगायचा, ते सांगते. मास्तरला पुरुष आवडतात. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा एक दिवस त्यानं मला गाडीत बसवलं, गाव संपल्यावर गाडी बाजूला घेतली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि समोर बघत सांगून टाकलं. मी म्हटलं, "बरं झालं, डोक्याचा ताप गेला. मुली बघत फिरायला मला कुठे वेळ आहे." घरी आल्यावर रडले. तो तसा आहे म्हणून नाही. इतकी वर्षं हे ओझं एकट्यानं वाहिलं आणि मला वास लागू दिला नाही, म्हणून रडले. माझ्या नाकावर माशी बसत नाही अशी माझी ख्याती, तर त्याला वाटलं असेल, हिला कोण सांगणार.

त्यानंतर मात्र त्यानं माझ्यापासून काही लपवलं नाही, उलट कधीकधी मलाच म्हणावं लागे की एवढं नको सांगूस. त्याचा पहिला मित्र कॉलेजातला, त्याचं मला फारसं माहीत नाही. दुसरा पोस्टातला. हा पोस्टवाला सायकलवरून जातानासुद्धा हात दाखवून वळायचा, मग मास्तर विरघळेल नाहीतर काय. ते बरीच वर्षं टिकलं. मग त्याची बदली झाली, आणि जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या माणसानं आम्हाला एक पत्र धाडलं नाही. मास्तर वर्षभर तोंड पाडून गाडी शिकवत होता.

तिसरा चष्मेवाला.

चष्मेवाल्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. लायसन्स जुनं, पण कित्येक वर्षांत गाडीला हात लावला नव्हता, म्हणून सरावाला आला. जुन्या गोदामामागे मोकळं पटांगण आहे, तिथे मास्तर शिकाऊंना वळायला शिकवतो. त्या दिवशी तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. चष्मेवाल्यानं इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मान वळवून पुन्हा बघितलं, आणि मग वळला. दुपारी मास्तर ऑफिसात आला तो माझ्यासाठी न सांगता चहा घेऊन आला. मी विचारलं, "कोण आहे?"

"तुला काय माहीत?"

"तू स्वतःहून चहा आणलास. गेल्या खेपेला आणला होतास तेव्हा पोस्टवाला निघाला होता."

चष्मेवाला मलाही आवडला. बुटका, हळू बोलणारा, केसांत पांढरं आलेलं. मला भेटला की आधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, पुसून द्यायचा, आणि मग "कशा आहात ताई" म्हणायचा. "जग मळलेलं नाही ताई, काच मळलीय," असं काहीतरी पुटपुटायचा. मास्तरला त्यानं कपडे इस्त्री करून घालायला लावले. आमच्या घरात जे मला जमलं नाही ते त्यानं न ओरडता केलं.

आणि मग एका सकाळी मास्तर ऑफिसात आला, क्लचप्लेट उचलली आणि दाणकन टेबलावर आपटली.

"तो गोळी घेतो."

"कसली?"

"एचआयव्ही होऊ नये म्हणून. रोज एक. मी विचारलं तर तोंडावर सांगतो. आणि वर म्हणतो, तूही एकदा तपासून घे, मग कुणी काय घ्यायचं ते दोघं मिळून ठरवू." मास्तरचे कान लाल झाले होते. "मी काय कुठेही तोंड मारत फिरणारा आहे? आयुष्यात इनमिन तीन माणसं. तिघंही नीट चालवणारी. मला कधी साधा ताप येत नाही. त्याला माझ्याबद्दल असं वाटतं, नाहीतर मग त्याचंच बाहेर काहीतरी आहे. दोन्हीतलं एक."

खरं सांगायचं तर राग मलाही चष्मेवाल्याचाच आला. आपला तो बाब्या. असल्या गोळ्या कुणाला लागतात, हा रोज दुकान बंद करून जातो तरी कुठे, असं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मी चपला घातल्या आणि तडक दुकान गाठलं.

चष्मेवाला एका छोट्या स्क्रूड्रायव्हरनं कुणाच्या तरी चष्म्याची दांडी घट्ट करत होता. मी आत शिरले तो बोलतच शिरले. त्यानं ऐकून घेतलं, स्टूल पुढे केलं, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सीटबेल्ट लावता तेव्हा ड्रायव्हरवर..."

"सीटबेल्टचं मला सांगू नका. ते उदाहरण आमच्याकडे रोज फुकट वाटतात. सरळ सांगा, का घेता?"

त्यानं चष्मा खाली ठेवला. मास्तरच्या आधी त्याच्या आयुष्यात एकजण होता, बरीच वर्षं. तो आजारी पडला तेव्हा कळलं की त्याला एचआयव्ही आहे. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. चष्मेवाल्याला लागण झाली नव्हती, ते निव्वळ नशीब. "तो फार चांगला माणूस होता ताई. आपल्याला वाटतं, हे वाईट माणसाकडून होतं. म्हणून आपण चांगला माणूस शोधतो आणि निर्धास्त होतो. पण बहुतेकांना ते आवडत्या माणसाकडूनच मिळतं. नावडत्याच्या इतकं जवळ जातोच कोण?"

मी पुढे केलेल्या स्टुलावर बसले. मग विचारलं की त्या गोळीचं काम काय. तो म्हणाला, रोज घेतली तर विषाणू आला तरी शरीरात घर करू शकत नाही. घेण्याआधी तपासावं लागतं, आणि दर तीन महिन्यांनी परत. "मास्तरवर माझा विश्वास आहे. पण त्यानं आयुष्यात एकदाही तपासलेलं नाही. त्याला जे माहीतच नाही, ते तो मला खरं कसं सांगणार?"

मी परत आले ती पक्ष बदलून. मास्तर एका शिकाऊ दुकानदाराला झापत होता. दुकानदार म्हणत होता, "अहो, मी इतकी वर्षं स्कूटर चालवतोय, एक ओरखडा नाही." आणि मास्तर त्याला नेहमीचं ऐकवत होता: "ओरखडा नाही म्हणजे तुम्ही नीट चालवता असं नाही. दर वेळी समोरच्यानं ब्रेक मारला असेल."

दुकानदार जाईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "आता हेच वाक्य आरशात बघून म्हण."

"ते गाडीचं आहे."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अरे, एकदा रक्त द्यायचं आहे, किडनी नाही."

पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. तपासायला जाणं म्हणजे आपण त्यातले आहोत असं कबूल करणं, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यातले म्हणजे कुठले, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यानं चष्मेवाल्याशी बोलणं टाकलं. इस्त्रीही टाकली. शेवटी त्यानं दुकानात जाऊन सांगितलं, "एक तर ती गोळी, नाहीतर मी. माझ्यावर विश्वास असेल तर बंद कर."

चष्मेवाला थोड्या दिवसांनी म्हणाला, "ठीक आहे. बंद केली."

मास्तर लढाई जिंकून आल्यासारखा आला. "बघ, म्हटलं नव्हतं? इंडिकेटर देणारा माणूस आहे. समजावलं की समजतो." मी म्हटलं, "तू समजावलं नाहीस, अडवलंस." पण त्याच्या कानात वारं शिरलं होतं. पुढचे काही महिने मास्तर असा खुशीत होता की परीक्षेत नापास झालेल्यांनाही तो पाठीवर थाप मारून पाठवायचा. मला मात्र चष्मेवाल्याचा चेहरा दिसला की काहीतरी खुपायचं. तो पूर्वीसारखाच होता, माझा चष्मा पुसून देत होता, पण एवढं मोठं काही सोडलेला माणूस थोडा तरी कुरकुरतो, आणि हा कुरकुरत नव्हता.

मग एका दुपारी पोस्टवाला आला.

मी आधी ओळखलंच नाही. अंगानं भरलेला, केस काळे केलेले, गालावर तकाकी. मला वाटलं नवा शिकाऊ, म्हणून मी खुर्ची दाखवून वेळ कुठली हवी ते विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी," आणि तेवढ्यात मास्तर आत आला. मी उठायला लागले तर मास्तर म्हणाला, "बस तू." त्याला वाटलं असेल, जुनी भांडणं निघतील तर साक्षीदार असलेला बरा.

पोस्टवाल्यानं भांडण काढलं नाही. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि पाठ केल्यासारखं बोलला. "मला एचआयव्ही आहे. न्यूमोनिया झाला होता, तेव्हा तपासण्यांत निघालं. आता औषध चालू आहे, एकदम बरा आहे. पण कधीपासून होता ते डॉक्टरांना सांगता येत नाही. आपण एकत्र होतो तेव्हाही असेल. मला खरंच माहीत नव्हतं. कळल्यावर तुला लगेच सांगायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. तू तपासून घे. एवढं सांगायलाच आलोय."

मास्तर त्याच्याकडे बघत होता. इतकी वर्षं माझ्या मनात या माणसाबद्दल अढी होती, पण समोर बसून हे सांगायला किती बळ लागलं असेल, ते दिसत होतं. मास्तरनं उठून त्याला पाणी दिलं. "आलास ते बरं केलंस," एवढंच म्हणाला. दारापर्यंत सोडायला गेला. पोस्टवाला सायकलवर नव्हता आता, स्कूटर होती. रस्त्याला लागताना त्यानं इंडिकेटर दिला, आणि ते आम्ही दोघांनीही बघितलं.

मास्तर आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता स्वतःसाठी रडेल. तर म्हणतो, "ताई, मी त्याला गोळी सोडायला लावली."

मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मला असेल तर आता माझ्याकडून त्यालाही लागण झाली असणार. इतकी वर्षं जपत आला तो. मी त्याचा ब्रेक काढून घेतला आणि म्हटलं, विश्वास ठेव." स्वतःबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. त्याला एकच गोष्ट खात होती, चष्मेवाल्याला आपल्यामुळे झालं असेल का.

मी ऑफिसला कुलूप लावलं. दुपारच्या शिकाऊंना फोन करून सांगितलं की आज मास्तरची तब्येत बरी नाही. एकानं विचारलं, काय झालं, तर त्याला म्हटलं, "अक्कलदाढ येतेय." दुकानापर्यंत आम्ही पायीच गेलो, गाडी चालवायला मीच त्याला दिली नाही.

चष्मेवाल्याच्या दुकानात मागे डोळे तपासायची अंधारी जागा आहे, पडदा लावलेली. मास्तर त्याला घेऊन आत गेला आणि मी बाहेर फ्रेमा बघायचं नाटक करत बसले. एकामागून एक डोळ्यांवर चढवत होते. लाल फ्रेममध्ये मी कशी दिसते तेसुद्धा त्या दिवशी बघून झालं. आतलं सगळं ऐकू येत होतं. मास्तरनं आडपडदा ठेवला नाही, पोस्टवाल्याचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "तुला काही झालं असेल तर ते माझ्यामुळे. मी हट्ट केला म्हणून. तू मला काहीही बोल."

मग चष्मेवाला म्हणाला, "तपासायला येतोस?"

"तू म्हणशील तिथे येतो."

"मग आत्ता चल. दोघंही तपासू." एवढंच. ना राग, ना दिलासा. मला त्याचं जरा विचित्रच वाटलं.

तपासणी केंद्र स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एकमेकींना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र. तिथे बसलेले पुरुष बघून मास्तर चकित झाला. एक गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेला, एक हातात हेल्मेट घेतलेला, एकजण तर वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. "ताई, हे सगळे साधेच दिसतात गं," तो माझ्या कानात म्हणाला. मी म्हटलं, "मग तुला काय शिंगं असलेले हवे होते?"

आमचा नंबर आला तेव्हा मास्तरनं माझा हात सोडला नाही. काउन्सेलर बाईंनी विचारलं की तिघांनी एकत्र बसलेलं सगळ्यांना चालेल का. दोघंही हो म्हणाले. मग त्या चष्मेवाल्याकडे वळल्या आणि ओळखीचं हसल्या. "तुम्ही कसे आज? तुमची तारीख अजून यायचीय ना?"

"यांच्याबरोबर आलो. माझंही आजच करून टाका."

"करू की. मध्ये गोळी चुकली का कधी?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "एकही दिवस नाही."

मास्तरनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मीही बघितलं. चष्मेवाला स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"तू बंद केली होतीस," मास्तर म्हणाला.

"तुला तसं सांगितलं होतं. दुकानात घ्यायचो, सकाळी शटर उघडलं की."

"आणि मघाशी पडद्यामागे मी एवढा तळमळत होतो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, चला, तू सुटलास, मग झालं. आणि घरी गेला असतास. इथे आला नसतास."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला खुदकन हसू आलं, असल्या वेळी येऊ नये तिथे. कारण ते शंभर टक्के खरं होतं. मास्तर तसाच घरी गेला असता. सगळ्या गावाची नाडी ओळखणाऱ्या माणसाला त्याच्याच माणसानं महिनोन्‌महिने बेमालूम फसवलं होतं, आणि त्या माणसानं मात्र मास्तरला पुस्तकासारखं वाचलं होतं.

रक्त घेतलं. आम्ही परत त्या खुर्च्यांवर येऊन बसलो. मास्तर एका बाजूला, चष्मेवाला दुसऱ्या बाजूला, मधे मी. एकदा चष्मेवाल्यानं माझ्या नाकावरचा चष्मा काढून पुसला आणि परत घातला, पण त्याला स्वतःला ते कळलं की नाही कोण जाणे.

बाईंनी बोलावलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. आधी मास्तरकडे बघून शांतपणे सांगितलं, "तुमच्या रक्तात एचआयव्ही आढळला आहे. खात्रीसाठी वेगवेगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या तेच सांगतात." मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "तुमचं निगेटिव्ह आहे. थोड्या दिवसांनी आपण पुन्हा एकदा बघू, पण गोळी नीट घेतलीत, त्यामुळे मला काळजी वाटत नाही."

पुढे त्या मास्तरला समजावून सांगत राहिल्या. औषध आजच सुरू करता येईल. तेही रोज एकदाच. ते नीट घेतलं की विषाणू इतका दबतो की रक्तात सापडतही नाही, आणि असा दबून राहिला की जोडीदाराला लागण होत नाही. नोकरीधंदा, जेवणखाण, आयुष्य, सगळं जसंच्या तसं. मी प्रत्येक शब्द कानात भरून घेत होते, कारण दोघंही ऐकत नव्हते हे मला दिसत होतं.

आणि जे सांगितलं ते तसंच झालं, हेही मी इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आज मास्तर पहिल्यापेक्षा जाड झालाय. विषाणू सापडत नाही असं डॉक्टर सांगतात, तेव्हा हा माझ्याकडे असा बघतो जणू त्यानं स्वतः पकडून हाकलून दिलाय. माणसं अजूनही वळणावर ओळखतो, फक्त आता शेवटी पुस्ती जोडतो: "बाकीचं रक्ताला विचारा, मला नाही." गाडीत एकटे बसले की काही शिकाऊ त्याला भलतेच प्रश्न विचारतात, आणि तो गाडी बाजूला घेऊन सगळं सांगतो. त्या केंद्राच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी बरेचजण त्याचेच शिकाऊ आहेत, असं मला तिथल्या बाई म्हणाल्या.

पण त्या दिवशी त्या खोलीत यातलं काही नव्हतं. बाई बोलायच्या थांबल्या आणि त्यांनी मास्तरला विचारलं, "तुम्हाला थोडा वेळ एकटं बसायचंय का? काही विचारायचंय?"

मास्तरचे डोळे कोरडे होते. स्वतःचा निकाल ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नव्हती. तो जरा पुढे सरकून बसला.

"बाई, ह्याचं काय आलं, ते परत एकदा सांगा."

"निगेटिव्ह," बाई म्हणाल्या.

तेव्हा तो रडला. टेबलावर डोकं ठेवून, आवाज करून, लहानपणी रडायचा तसा. चष्मेवाला उठून त्याच्यामागे गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मास्तरनं डोकं वर न करता तो हात पकडला.

"बरं झालं," तो म्हणाला, "तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस."

"विश्वास होताच," चष्मेवाला म्हणाला. "ऐकलं नाही, एवढंच."